सेतू झाला, आमचे काय?

मालदीव पाण्यावर तरंगते शहर बांधायला निघाले. आमच्या जुहूसमोर समुद्रातून वांद्रे-वर्सोवा सेतू होतो आहे. साडेनऊ किलोमीटरहून लांब! म्हणे कोंडी फुटणार. कोणाची? २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सेतूवर रिक्षा, दुचाकी आणि पायी चालणारा यांना बंदीच आहे. सांताक्रूझ स्टेशनबाहेर जुहूच्या बससाठी ताटकळणाऱ्या मोलकरणीला या नव्या सेतूचा काय उपयोग, हे आम्हाला कोणी सांगावे.

आणि होड्या? किनारी रस्त्याचे काम वरळीच्या कोळी बांधवांनी अडवून धरले, तेव्हा कुठे डिसेंबर २०२२ मध्ये खांबांत १२० मीटर अंतर मान्य झाले. जुहूच्या होड्यांसाठी किती सोडले, तो नकाशा जुहू कोळीवाड्यात मराठीत लावा.