अस्तराची मजुरी

लगीनसराई आली की बारामती-इंदापुरात शिलाई मशीनवाल्या बायकांकडे ‘डिझायनर’ ब्लाऊजची रीघ लागते. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवते: मागे खोल गळा, नेटची बाही, लटकन. भाव ठरतो तो फोटोत दिसणाऱ्या गोष्टींचा. पण कपडा अंगावर बसतो तो न दिसणाऱ्या गोष्टींमुळे, आणि त्यांची मजुरी कुणी विचारतच नाही.

सुती अस्तर आधी भिजवून वाळवले नाही, तर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि वरचे रेशीम चुण्या धरते. मखमलीची लव सगळ्या तुकड्यांना एकाच दिशेने ठेवावी लागते. एक बाही उलटी बेतली की ती वेगळ्याच रंगाची दिसते. जॉर्जेट कात्रीखाली सरकते. गळ्याची पट्टी उरेब कापली तरच वळणावर सपाट बसते, पण उरेब कापायला कापड जास्त लागते आणि ब्लाऊजपीस जेमतेम ८० सेंटिमीटरचा. त्यातूनच काठ दोन्ही बाह्यांवर सारखा आणायचा. शिवाय आत माया सोडायची, कारण बाळंतपणानंतर हाच ब्लाऊज सैल करायला ती परत येणार. हे गणित येणाऱ्या बाईला आपण ‘घरबसल्या चार पैसे मिळवते’ म्हणतो. पुरुष हेच काम दुकानात बसून करतो तेव्हा तो मास्टर असतो!

बारामती एमआयडीसीत टेक्स्टाईल पार्क आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यात एक बाई दिवसभर कॉलरच लावते, दुसरी बाहीच. अख्खा कपडा तिच्या हाती येत नाही. पण हजेरी, पगार, प्रॉव्हिडंट फंड तिला कायद्याने मागता येतो. घरी शिवणारीला अख्खा कपडा येतो, पण मागायचे कुणाकडे? दुकानातून हेमिंग, हुक-काज नगावर घरी आणणारीची गत आणखी वाईट. तिला मालक आहे, पण कागदावर नाही. अशा बायकांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

सरकारला जरूर बोल लावावा. पण ‘एवढ्याशा ब्लाऊजचे इतके?’ असे म्हणणारी कोण? आपणच. पुण्याच्या बुटिकमध्ये निमूट पैसे मोजणारी गावच्या शिवणारीशी घासाघीस करते.

बचतगटातल्या शिवणाऱ्या बायकांनी मिळून दरपत्रक करावे. अस्तर, हेमिंग, हुक, उसवून सैल करणे, प्रत्येकाचा दर वेगळा लिहावा आणि भिंतीवर लावावा. एकटीने लावला तर गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जाईल, म्हणून सगळ्यांनी एकाच आठवड्यात. तेही तुळशीच्या लग्नाआधी. नंतर कुणालाच मान वर करायला सवड नसते.