माया आहे, शिक्षणही हवे

गेल्या पावसाळ्यात मालवणजवळच्या एका वाडीत घरभेटीस गेलो होतो. अर्धांगवायू झालेल्या आजी माजघरातील खाटेवर निजून होत्या. मुलगा मुंबईस, पैसे मात्र दरमहा वेळेवर येत. सांभाळण्यास शेजारचीच बारावी झालेली मुलगी होती. ती वेळच्या वेळी पेज भरवी, अंथरूण स्वच्छ ठेवी. परंतु आजींची कूस बदलली तेव्हा माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम दिसली. हलवले की आजी कण्हतात, म्हणून आपण त्यांना हलवले नाही, असे तिने रडवेल्या स्वरात सांगितले.

दोष तिचा नव्हता. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. कातडीवरचा लालसर वा काळसर डाग बोटाने दाबूनही फिकट होत नसेल, तर तो जखमेचा आरंभ समजावा. भरवताना रुग्णास टेकवून बसवावे आणि लगेच आडवे करू नये, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. केवळ मायेने ही कौशल्ये येत नाहीत.

आपल्या जिल्ह्यास अशा शिकलेल्या हातांची निकड आहे. जनगणनेनुसार सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. तरुण मंडळी मुंबई, पुणे, गोव्याकडे जातात आणि अनेक घरांत म्हातारी माणसे उरतात. चाकरमानी मुलगा गणपतीस येतो. उरलेले वर्ष शेजाऱ्यांच्या भरवशावर जाते.

शिक्षणाच्या वाटा आहेत. ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ हे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम रुग्णाची दैनंदिन शुश्रूषा शिकवतात. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम आणि तीन वर्षांचा जीएनएम आहे. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमकडे व पुढे परिचर्येच्या पदवीकडे जाता येते. अडचण पहिल्या पायरीशी आहे. घरी चार वर्षे उत्तम सेवा केलेल्या मुलीला एएनएमसाठी नव्यानेच आरंभ करावा लागतो, तिचा अनुभव हिशेबात धरला जात नाही. म्हणून घरचे लोकही या कामास ‘लग्न ठरेपर्यंतचे काम’ मानतात. अनुभवाचे मोल प्रवेशात आणि पगारात दिसले, तरच मुली या कामात टिकतील.

शासनाने करावयाचे ते करावेच. तोवर आपण काय करू शकतो? सेवेसाठी कोणास ठेवाल तेव्हा कामे, वेळ व पगार लिहून ठरवा. आठवड्याची सुट्टी द्या. प्रशिक्षणास जायचे असेल तर त्या दिवसांचा पगार कापू नका, जमल्यास शुल्कही भरा. आपल्या डॉक्टरांकडून वा परिचारिकेकडून कूस बदलणे, भरवणे, उचलणे तिला प्रत्यक्ष करवून घ्या.

त्या आजींची जखम भरण्यास तीन महिने लागले. ती मुलगी आता कूस बदलल्याची वेळ वहीत टिपून ठेवते. परवा औषधे नेण्यास आली असता तिने मला एएनएमच्या प्रवेशाची चौकशी केली. तिच्या फीचा काही भार आजींच्या मुलाने उचलावा, असे मी त्यास फोनवर सुचवले आहे.