उंबऱ्याबाहेरच्या वहाणा

घरात शिरताना वहाणा बाहेर काढायच्या, यात चर्चा करण्याजोगे काय आहे, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल. आई सांगते, आपण काढतो, प्रश्न मिटला. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कोणतीही रूढी केवळ जुनी म्हणून टाकता येत नाही आणि केवळ जुनी म्हणून डोक्यावरही घेता येत नाही. तिची कारणे तपासावी लागतात. आपल्या पूर्वजांना रोगजंतूंचे ज्ञान होते, म्हणून त्यांनी वहाणा उंबऱ्याबाहेर ठेवल्या, आणि पाश्चात्त्य मंडळी मात्र बूट घालून थेट बिछान्यापर्यंत जातात, असे पुष्कळदा ठासून सांगितले जाते. या विधानाचा पहिला भाग खरा नाही, दुसरा अर्धाच खरा आहे. आणि या रूढीत दडलेली एक महत्त्वाची गोष्ट दोन्हींत येतच नाही.

उदाहरणासाठी एकच गाव घेऊ. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली येथे झाला. गोदावरीच्या खोऱ्यातला हा मुलूख काळ्या मातीचा. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण पातळ थरांचे बनलेले असून पाणी त्या थरांमध्ये शिरते. म्हणून ओली झाली की काळी माती फुगते व चिकट होते, वाळली की तिला भेगा पडतात. आषाढात शेतातून घरी येणाऱ्याच्या वहाणेला या चिखलाचे थरावर थर बसतात, वहाण जड होते आणि पायातून निसटू लागते. घरात मात्र जमीन शेणाने सारवलेली. तिच्यावरच बसायचे, जेवायचे आणि घोंगडी टाकून निजायचे. अशा घरात चिखलाची वहाण कोण आणू देईल? त्यासाठी जंतूंचे ज्ञान लागत नाही, डोळे पुरतात. रोगजंतूंचा सिद्धान्त पाश्चर आणि कॉख यांच्या प्रयोगांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाला. कॉखने कॉलऱ्याच्या जंतूंवरचे काम १८८४ साली आपल्याच देशात, कलकत्त्यात, केले. वहाणा बाहेर ठेवण्याची चाल त्याहून कितीतरी जुनी आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वी खेड्यांतील असंख्य माणसे अनवाणीच चालत. त्यांनी उंबऱ्याशी काढायचे काय? म्हणून ‘हातपाय धुऊन घरात ये’ हीच आपल्याकडची खरी व्यापक चाल म्हणावी लागेल. आज आपण बूट दाराशी काढतो, पण पाय धुवायचे पुष्कळदा विसरतो.

आता दुसऱ्या भागाकडे वळू. जपानी घराच्या दाराशी जोडे काढण्यासाठी खोलगट जागाच राखलेली असते, कारण आतल्या तातामी चटया बसण्या-निजण्याच्या. कोरियात जमीन खालून ऊब देऊन तापवण्याची जुनी पद्धत आहे. तेथेही जमिनीवरच वावर, तेथेही जोडे बाहेर. तुर्कस्तानात तेच. येथपर्यंत ‘पौर्वात्य विरुद्ध पाश्चात्त्य’ हे गणित जुळते. परंतु स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांतील गोरे लोकही घरात शिरताना बूट काढतात आणि कॅनडातही ही चाल सर्वत्र आढळते. तेथे चिखलाची जागा हिवाळ्यातला वितळता बर्फ घेतो. म्हणजे बूट काढणे वा न काढणे हे कातडीच्या रंगाने ठरत नाही. हवामान, घरातील जमीन आणि बसण्याची रीत यांनी ठरते. कॅनडात स्थायिक झालेले मराठी कुटुंब दाराशी चपलांचे कपाट ठेवते तेव्हा शेजाऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही.

उलट बाजूनेही एक चूक होते. घरात अनवाणी वावरणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे, असा समज साहेबाच्या राज्यात आपल्यातल्या काही सुशिक्षितांनी करून घेतला होता. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात या समजाला एक निराळेच उत्तर मिळाले. परदेशी घडणीचा कृत्रिम पाय बुटाच्या आत बसवण्यासाठी बनवलेला असे. आपल्या रुग्णाला घरात, देवळात, शेतात बूट काढायचा असतो, उकिडवे बसायचे असते, मांडी घालायची असते; त्यामुळे तो पाय लवकरच कोपऱ्यात पडे. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी या शल्यविशारदांनी १९६० नंतरच्या दशकात रबराचा असा पाय घडवला, की जो अनवाणी वापरता येतो, हवा तसा वाकतो आणि पाण्याचिखलात खराब होत नाही. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोकांची चाल बदलण्याऐवजी त्यांनी तिला यंत्राची अट मानले.

मग आरोग्याचे काय? वहाणेच्या तळाला रस्त्यावरील धूळ, जनावरांच्या विष्ठेचे कण, शेतात फवारलेल्या औषधाचे अंश चिकटतात. जालन्याकडे कापूस होतो आणि कापसावर फवारण्या होतात. त्या शेतातली वहाण घरात नको, हे वेगळे सांगायला नको. रांगते मूल जमिनीला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते, म्हणून धोका सर्वांत जास्त त्याला. याचा पडताळा तुम्ही घरीच पाहू शकाल. एक आठवडा एका खोलीत सर्वांनी चपला घालून वावरावे, पुढचा आठवडा अनवाणी. रोजचा केर वाटीत जमवून आठवड्याच्या शेवटी वजन करावे. दोन्ही आठवड्यांत पाऊसपाणी सारखे असावे, खिडक्याही सारख्याच उघड्या असाव्यात. नाहीतर निष्कर्ष काढता येणार नाही.

परंतु वहाण काढण्यातही धोका असतो, आणि तो आपण फारसा बोलून दाखवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे आर्थर लूस हा शास्त्रज्ञ अंकुशकृमींच्या अळ्यांवर प्रयोग करीत होता. अळ्या असलेले पाणी चुकून त्याच्या हातावर सांडले. तेथे आग व खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्याच्याच विष्ठेत या कृमींची अंडी दिसू लागली. हा कृमी तोंडावाटेच नव्हे तर धड कातडीतूनही शरीरात शिरतो, हे त्यावरून उघडकीस आले. रोग्याच्या विष्ठेतील अंडी ओलसर, सावलीच्या मातीत फुटतात. अळ्या अनवाणी पायातून रक्तात, तेथून फुप्फुसांत, घशात आणि शेवटी आतड्यात पोचतात. तेथे त्या रक्त शोषतात व मूल फिकट, निरुत्साही होते. शाळेत तुम्हाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी इतर जंतांबरोबर याही कृमीसाठी असते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची मोहीम २०१५ साली सुरू झाली. गोळीने आतड्यातला कृमी मरतो, मातीतली अळी मरत नाही. तिला अडवायला शौचालय लागते आणि पायात चप्पल लागते.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम केलेल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर या डॉक्टरने (शरीररचनेवरील ग्रे यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे याचीच) पायाच्या आणखी एका रोगाचा अभ्यास केला आणि १८७४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. काटा मोडून झालेल्या जखमेतून मातीतली बुरशी किंवा जंतू आत जातात, पाऊल वर्षानुवर्षे सुजत जाते, त्यातून कणीदार पू वाहतो. बाभळीच्या काट्यांच्या मुलुखात अनवाणी हिंडणाऱ्यांना हे सांगायलाच हवे. सर्पदंशाचीही हीच कथा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली असा अंदाज आहे, आणि खेड्यांत दंश बहुधा पायालाच होतो.

पुष्कळ शाळांत मुले वर्गाबाहेर चपलांची रांग लावतात आणि मधल्या सुट्टीत तशीच अनवाणी मुतारीकडे धावतात, तेच पाय घेऊन पुन्हा वर्गातल्या सतरंजीवर येतात. याला स्वच्छता म्हणता येणार नाही. मुतारीच्या दाराशी रबरी चपलांचे चार-सहा सामाईक जोड ठेवायला फार खर्च येत नाही. शिक्षकांनी याचा विचार करावा. रांगेत ज्यांची चप्पल कधीच नसते, त्या मुलांकडेही तेव्हा लक्ष जाईल.

येथपर्यंतचा विषय मळाचा झाला. आता विटाळाकडे येऊ, कारण आपल्याकडच्या वहाणेला हे दोन्ही चिकटले आहेत. जांबच्या राममंदिरात जाणारा भाविक वहाणा बाहेर काढतो. त्याच रामाच्या पादुका भरताने सिंहासनावर ठेवल्या, हे आपण सारे जाणतो. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या पादुका पालखीतून पंढरपूरला जातात. तेव्हा पायात घालायची वस्तू मुळातच अपवित्र, असे काही आपली परंपरा म्हणत नाही. मग कातडे अपवित्र म्हणावे, तर कीर्तनातल्या पखवाजाची पुडी आणि वाद्या कातड्याच्याच असतात, आणि पखवाज थेट देवापुढे वाजतो! बाभळीची साल, हिरडा यांतील टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाशी घट्ट जोडले जाते व कातडे कुजायचे थांबते. कमावलेले कातडे ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने स्थिर, निर्धोक वस्तू आहे. विटाळ कातड्याचा नव्हताच. मेलेले जनावर ओढणे, सोलणे, कातडे कमावणे, वहाण शिवणे ही कामे ज्यांच्यावर लादली, त्या माणसांचा तो मानला गेला.

हा विटाळ कोठवर गेला होता ते पाहा. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांनी कमरेला झाडू बांधून स्वतःच्या पावलांखालची धूळ पुसत चालावे असा दंडक होता, याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात लक्ष वेधले. देशातील अनेक गावांत दलितांनी वरच्या जातींच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्यात, अशी सक्ती होती. नीट विचार करा. वहाण पायात असो की हातात, रस्त्यावर पडणारी धूळ तेवढीच! या नियमाचा मळाशी काडीचाही संबंध नव्हता. घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरवला.

जे येथे जातीने केले तेच साहेबाने वंशाच्या नावाने केले. साहेबापुढे उभ्या राहणाऱ्या एतद्देशीयाने जोडे काढावेत असा आग्रह धरला जाई. १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या सरकारने सूट दिली, पण ती युरोपीय बूट घालणाऱ्यांना. देशी जोडा बाहेरच राहिला. म्हणजे देशी जोड्याची धूळ तेवढी धूळ! ब्रह्मदेशात मात्र हेच गोरे लोक बूट घालून बुद्धाच्या पॅगोड्यांत हिंडत. टिळक ज्या मंडालेच्या तुरुंगात १९१४ पर्यंत होते, त्याच मंडाले शहरात १९१९ साली बूट घालून पॅगोड्यात आलेल्या युरोपियनांवर भिक्षू धावून गेले आणि त्याबद्दल त्यांना जबर शिक्षा झाल्या. त्याच वर्षी पॅगोड्यांच्या विश्वस्तांना जोड्यांविषयी नियम करण्याचा अधिकार सरकारला मान्य करावा लागला.

मला वाटते, या साऱ्यातून एक कसोटी हाती लागते. नियम मळासाठी असेल तर तो तळव्याकडे पाहतो. विटाळासाठी असेल तर चेहऱ्याकडे. पहिला पाळावा, दुसरा मोडावा. आणि दुसरा संपला असे समजू नये. आपल्या घरी कलेक्टर कचेरीतले साहेब येतात, बूट काढायला वाकतात, तेव्हा घरातील वडीलधारे लगबगीने म्हणतात, “राहू द्या, राहू द्या, बूट असू द्या.” तासाभराने नळ दुरुस्त करणारा येतो, त्याला कोणी “राहू द्या” म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात तुमच्या दारात कोण कोण आले आणि कोणाला काय सांगितले गेले, याची वहीत नोंद करा. मोजमाप करायला याहून सोपा प्रयोग नाही.

त्या नोंदीत विजेचे काम करणारा आला, तर मात्र एक अपवाद करा. त्याच्या पायातील जाड रबरी तळ विजेचा प्रवाह जमिनीत जाऊ देत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून तारांना हात लावायला त्याला सांगणे म्हणजे जिवाशी खेळ. त्याच्यासाठी दारापासून मीटरपर्यंत एक जुने, कोरडे गोणपाट अंथरा. काम झाले की ते बाहेर झटकता येते.