अतिक्रमणदार हा शब्द कोणाचा?

पेपरात आपली बातमी येते ती दोनच प्रकारची. एक, वनजमिनीवरचं अतिक्रमण हटवलं. दुसरी, पारधी टोळी पकडली. वर्षातून एकदा, ९ ऑगस्टला, आपला नाचतानाचा फोटोही येतो. पण मानोरा, मालेगावच्या डोंगराकडेला आंध आणि फासेपारधी किती पिढ्यांपासून वावर वाहतात, हे त्या पेपरात आम्हाला कधी दिसलं नाही.

शब्द साधा नसतो भावांनो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या सुरुवातीलाच सरकारनं लिहून दिलं की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याचा हक्क मान्य करायचा. कलम ४(५) म्हणते, दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्याला जमिनीवरून काढता येत नाही. मग ज्यानं ग्रामसभेत दावा टाकला तो अतिक्रमणदार कसा? तो दावेदार आहे. पण बातमी लिहिणारा नाकेदाराला विचारतो, आपल्याला नाही. नाकेदाराचा शब्द छापून येतो, आणि छापलेला शब्द तहसीलात खरा धरला जातो. पारध्यांचं तर याहून वाईट. इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ ला गेला. कायदा गेला, पण पेपरातली ‘टोळी’ गेली नाही.

असं सोसणारे आपण एकटे नाही. अमेरिकेत आफ्रिकेतून धरून नेलेल्या काळ्या लोकांना गुलाम करून शेतावर राबवत, आणि त्यांच्याबद्दल लिहीत गोरे. १८२७ साली न्यूयॉर्कात काळ्या माणसांनी ‘फ्रीडम्स जर्नल’ नावाचा स्वतःचा पहिला पेपर काढला. आमची बाजू आम्हीच मांडणार, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हा त्या देशातली गुलामी संपायला अजून ३८ वर्षं होती!

पुढे टेनेसी राज्यातल्या मेम्फिस गावी आयडा बी. वेल्स ही बाई पेपर चालवायची. १८९२ साली तिच्या ओळखीच्या तीन काळ्या दुकानदारांना जमावानं तुरुंगातून ओढून मारलं. खरं कारण काय, तर त्यांचं किराणा दुकान गोऱ्याच्या दुकानाला जड जात होतं. गोऱ्यांच्या पेपरात मात्र मेलेलाच गुन्हेगार. हे तिनं उघड लिहिलं. ती बाहेरगावी असताना जमावानं तिचा छापखाना फोडला, परत आली तर मारू म्हणाले. ती थांबली नाही. गोऱ्यांच्याच पेपरात छापलेले खुनांचे आकडे जमवून तिनं त्यांचाच खोटेपणा दाखवला. ही युक्ती आपल्या पोरांनी ध्यानात ठेवावी. आपल्याविरुद्धचं कात्रणही जपून ठेवायचं असते.

इकडे महाराष्ट्रातही हाच रस्ता आहे, आणि तो आपल्या विदर्भातून गेलेला आहे. नागपूरकडच्या किसन फागुजी बनसोडे यांनी १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’ काढलं. मग ‘विटाळ विध्वंसक’, मग ‘मजूर पत्रिका’, मग १९३१ ला ‘चोखामेळा’. एक बंद पडलं की दुसरं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’नं मात्र पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला. म्हणजे आपला पेपर निघतो एवढी बातमीसुद्धा दुसऱ्याच्या पेपरात मिळाली नाही. तीन-चार वर्षांत तो बंद पडला. १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ आलं, त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकट्यानं लिहीत. तेही १९२९ ला थांबलं. १९३० ला ‘जनता’ निघालं. याच बाबासाहेबांनी १९४६ ला अमेरिकेतले काळ्यांचे संपादक डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती.

सगळ्यात जास्त टिकलं ते खेड्यातलं. नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात तरवडी हे गाव आहे. तिथून सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ पन्नासहून जास्त वर्षं चालवलं. ते आदिवासी नव्हते, पण छापखाना गावात होता. लिहिणारा आणि वाचणारा एकाच पांदणीनं वावरात जात होते. आम्हाला तरी टिकण्याचं कारण हेच वाटते.

आता कोणी म्हणेल, “पेपरानं पोट भरते का बा? अन् वाचता कोणाले येते?” तर ऐका. शिकागोचा ‘डिफेंडर’ १९०५ पासून निघायचा. रेल्वेत हमाली करणारे काळे मजूर तो दक्षिणेत लपवून न्यायचे. तिथं न्हाव्याच्या दुकानात एक जण मोठ्यानं वाची आणि बाकीचे ऐकत. पारावर आपल्यालाही हे जमते. एक नववीतली पोरगी पुरे.

आणि पोटाचंच म्हणाल तर नियम १३ वाचा. दाव्यासोबत गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालते. आपल्या आज्याले सगळं पाठ आहे, कोणत्या नाल्यापासून कोणत्या मोहापर्यंत वावर, विहीर कोणी खोदली, जाळपोळ कधी झाली. पण ते लेखी नसलं तर समितीपुढं काय ठेवणार? वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे. आपलं दुःख दुसरे स्टेजवरून सांगतात आणि आपण खाली बसून ऐकतो, असा तिचा रोख आहे. या बुलेटिनचंही तसं होऊ नये. संघटनेच्या कार्यकर्त्यानं गावाबद्दल चांगलं लिहिण्यापेक्षा गावानं मोडकंतोडकं लिहिलेलं आम्हाला जास्त चालते. शुद्धलेखन आम्ही पाहू. तेही नाही जमलं तर तसंच छापू.

पुढची स्टेन्सिल पोळ्यानंतर कापायची आहे. प्रत्येक गावासाठी अर्धं पान राखून ठेवलं आहे. त्यात वावराची, नाल्याची, पांदणीची तुमच्या तोंडातली नावं पाहिजेत, सातबाऱ्यावरची नाही. बायांना आधी विचारा. डिंक-मोह वेचणाऱ्यांना धुऱ्याची जेवढी माहिती असते तेवढी गड्यांना नसते. ज्या गावाची वर्गणी राहिली त्यांनी पैशाऐवजी कागदाचा रीम दिला तरी चालेल. शाई आहे. रोलर मात्र झिजला आहे, कोणाच्या शाळेत जुना पडून असेल तर कळवा.