जागल्या झोपला तर?



जुन्या गावगाड्यात रात्रीच्या पहाऱ्याला जागल्या असे. कित्येक गावांत ते काम आमच्याच वाडवडिलांच्या वाट्याला आले होते. राबायचे वतनाच्या नावाखाली आणि राखायचे दुसऱ्याचे घर! ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतन गेले, पण जागल्याची गरज संपली नाही. आज राखायचे आहे ते आपले मत, आणि जागल्या आहे वर्तमानपत्र.

एक उदाहरण देतो. २०१८ साली निवडणूक रोखे निघाले. कोणी कोणत्या पक्षाला किती पैसे दिले, हे मतदाराला कळण्याची सोयच नव्हती. आम्ही खतावणी लिहिणारी माणसे. जमेच्या बाजूला नाव नसले की आमचे पेन थांबते. त्याच वर्षी पूनम अग्रवाल या पत्रकार भगिनीने हजार-हजार रुपयांचे रोखे स्वतः विकत घेतले आणि रोखा प्रयोगशाळेत तपासून घेतला. डोळ्यांना न दिसणारा क्रमांक अतिनील प्रकाशात उमटला!

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराचा माहितीचा हक्क मान्य झाला. पुढे मार्चमध्ये स्टेट बँकेला ते क्रमांकही द्यावे लागले आणि कोणाचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला, याचा मेळ लागला.

याचा आमच्या वस्तीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. कोटी देणारा उद्या ठेका मागतो, आपण नळ मागतो. आधी कोणाचे ऐकले जाईल?

असा जागल्या फुकट मिळत नाही. जाहिरातदाराच्या पैशावर जगणारे पत्र त्या जाहिरातदाराविरुद्ध लिहिताना कचरते. म्हणून वाचकाच्या वर्गणीवर चालणारे पत्र जगले पाहिजे.

पण बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या दारावर पहारा देण्याआधी आपले दार पाहू या. जयंतीच्या वर्गणीची पावती प्रत्येकाला मिळते का? जमाखर्च विहाराच्या फलकावर लागतो का? तो मागणाऱ्याला 'फाटे फोडतो' म्हणून गप्प बसवू नका. पन्नास रुपयांचा हिशोब मागताना ज्याची जीभ अडखळते, तो कोटींचा हिशोब काय मागणार?