गाव धावणारच आहे

उसाला आग लागली की वालचंदनगरच्या आसपासच्या गावांत बंबाची वाट बघत कुणी बसत नाही. बंब बारामतीहून निघो की इंदापूरहून, अंतर वीस-तीस किलोमीटरच्या घरातलं आणि शेवटचा टप्पा पाणंदीचा. तोवर फड राहत नाही. लासुर्णे, अंथुर्णे, कळंब, निमसाखर या पट्ट्यात माणसं काय करतात ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. जाणती माणसं पेटलेल्या कडेला जातच नाहीत. वारा कुठं निघालाय ते बघून त्याच्या पुढं जातात, चार-सहा सऱ्या ऊस कोयत्यानं आडवा पाडून बाहेर ओढतात, जवळ रोटाव्हेटर असला तर ट्रॅक्टर फिरवून मोकळा पट्टा करतात. बाकीचे ओल्या वाढ्यांनी आणि लिंबाच्या डहाळ्यांनी पट्ट्यापलीकडं उडालेल्या ठिणग्या झोडपतात. कुणी द्राक्षाच्या फवारणीचा ब्लोअर घेऊन येतो. विहिरीवरची मोटार मात्र अशा वेळी हमखास दगा देते. आग बऱ्याचदा लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींना घासून लागलेली असते, मग फीडर बंद होतो आणि पाण्याशेजारी उभं राहून ऊस जळताना बघावा लागतो.

या धावणाऱ्या माणसांचं रीतसर पथक करावं, त्यांना शिकवावं, साहित्य द्यावं, विमा उतरवावा असं म्हटलं की पारावर, पतसंस्थेत आणि तालुक्याच्या कचेरीत सारखेच आक्षेप ऐकू येतात. ते पोकळ आहेत असं मी म्हणणार नाही. एक-दोन तर चांगलेच वजनदार आहेत. पण ते जिथं नेऊन सोडतात तिथं थांबायला मी तयार नाही.

सर्वात तोऱ्यात मांडला जाणारा आक्षेप असा, की आग विझवणं हे सरकारचं काम आहे आणि गावानं ते अंगावर घेतलं की सरकार सुटलं. शाळेच्या पत्र्यापासून रस्त्याच्या मुरुमापर्यंत लोकवर्गणी भरून थकलेल्या माणसाला हे लगेच पटतं. आता सरकारच्या कागदावर काय आहे ते बघा. 74 व्या घटनादुरुस्तीनं शहरांसाठी बारावं परिशिष्ट आणलं. त्यातल्या 18 विषयांत अग्निशमन सेवा आहे. 73 व्या दुरुस्तीनं पंचायतींसाठी अकरावं परिशिष्ट आणलं. त्यात 29 विषय आहेत. शेती आहे, ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्रा आहेत, इंधन आणि चाराही आहे. अग्निशमन नाही. जळणाची सोय घटनेनं पंचायतीकडं दिली, विझवण्याचं नावही घेतलं नाही. तेव्हा ‘सरकारचं काम’ म्हणून आपण जे सोडून देतो ते खेड्यापुरतं कुणाच्या टेबलावर ठळकपणे ठेवलेलंच नाही.

शिवाय स्वयंसेवक आले की सरकार सुटतं हे गृहीतकच चुकीचं आहे. जर्मनीत स्वयंसेवी अग्निशमन दलांत सुमारे दहा लाख माणसं आहेत. मोठ्या शहरांत पगारी दल असतं, लहान गावांची आग मुख्यतः गावचे सुतार, शिक्षक आणि शेतकरीच विझवतात. पण बंब, ठाणं, गणवेश, प्रशिक्षण यांचा भार स्थानिक पालिकेवर कायद्यानं टाकलेला आहे. इशारा आला की कामगाराला सोडणं मालकाला बंधनकारक आहे आणि त्या तासांचा पगार मालकाला सार्वजनिक तिजोरीतून परत मिळतो. म्हणजे श्रम गावाचे आणि खर्च सरकारचा. चिलीमध्ये 1851 साली वालपारायसो बंदरात पहिलं दल उभं राहिलं, तेव्हापासून आजपर्यंत त्या देशाची अग्निशमन सेवा स्वयंसेवकांवर चालते, राजधानीसुद्धा. तिथल्या सरकारला त्यामुळं हात झटकता आलेले नाहीत.

आपल्याकडं उलटी अडचण आहे. धावून जाणाऱ्यांची कुठं नोंदच नसते. फड जळाला, पंचनामा झाला, कारखान्यानं जळीत म्हणून कपात करून ऊस नेला, विषय संपला. फोन किती वाजता गेला, बंब किती वाजता आला, किती एकर गेलं, कोण भाजलं याची वही एखाद्या गावाकडं असेल तर तालुक्याला अग्निशमन केंद्र मागताना तिच्यासारखा पुरावा नाही. पथक असलं तर ती वही राहते. नुसत्या गर्दीकडून ती कोण मागणार?

धोक्याचा आक्षेप मात्र असा उडवून लावता येत नाही. मार्च 2023 मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडजला शेणाच्या टाकीत एक जण गुदमरला. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा, मग चौथा. चौघंही गेले. सडणाऱ्या शेणातून मिथेन निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि हायड्रोजन सल्फाइडही निघतो. या शेवटच्या वायूला सडक्या अंड्यांचा वास असतो हे शाळेत शिकवतात. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच मरते, हे तितक्या आवर्जून शिकवत नाहीत. वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटून माणूस वाकतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. तोंडाला ओला पंचा बांधून काही होत नाही. पोहता येणं, अंगात ताकद असणं, धाडस असणं, यातलं काहीही तिथं उपयोगी पडत नाही.

यावरून आक्षेप घेणारे म्हणतात, बघा, अडाणी माणसं उतरली आणि मेली. म्हणून गावानं या भानगडीत पडू नये, तज्ज्ञांना बोलवावं. मला हा युक्तिवाद अर्ध्यावर सोडलेला वाटतो. खांडजमध्ये कुणी पथक म्हणून उतरलं नव्हतं. माणसं उतरली कारण आत आपलं माणूस होतं. टाकीच्या काठावर उभ्या असलेल्या बापाला ‘तज्ज्ञ येईपर्यंत थांबा’ असं सांगून बघा. तो थांबणार नाही, आणि थांबला तर त्याला आपण माणूस म्हणणार नाही. म्हणजे गावकऱ्यांनी जावं की जाऊ नये ही निवड आपल्या हातात मुळात नाही. ते जाणारच. शिकून जातील की न शिकता, एवढंच काय ते ठरवता येतं. आणि शिकलेल्या पथकाचं पहिलं काम अशा जागी आत उतरणं नसतंच. काठावरच्या बापाला कमरेला धरून मागं ओढणं, बाहेरून हवा सोडणं, दोर आणि तिपाई लावणं हे असतं. खांडजला काठावर असा एक शिकलेला माणूस असता तर आकडा चारपर्यंत गेला नसता, असं माझं ठाम मत आहे.

इथंच दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझं भांडण आहे. त्यांना पथक नको, कारण ‘आमचं गाव तसंही धावतंच’. बेलवाडीच्या रिंगणाला लाखभर माणूस येतो, गाव सगळ्यांना सांभाळतं, आम्हाला कोण शिकवणार? हा अभिमान खरा आहे आणि घातकही आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये हेच झालं. कृष्णेला पूर, मदत पोचेना, गावानं गावचीच बोट काढली. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसं बसली, बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले, त्यात बायका-मुलं होती. धावण्यात कसूर नव्हती. बोटीत किती माणसं घ्यायची आणि उरलेल्यांना काठावर ‘पुढच्या खेपेला’ असं दरडावून कोण सांगणार, हे मात्र आधी ठरलेलं नव्हतं. मे 2024 मध्ये उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, सहा जण बुडाले. पोहून आलेला एकच. तिथं तर बचावाच्या आधीचाच धडा गिरवायचा राहिला होता: अंगात जॅकेट नसेल तर बोट सोडायची नाही.

आता राजकारण. आमच्याकडं दुधाच्या संस्थेची निवडणूक असली तरी दोन पॅनेल असतात, त्यामुळं पथकातही दोन गट पडतील, पंप कुणाच्या दारात ठेवायचा यावरून भांडण होईल, विरोधी गटाचा ऊस पेटला तर चावी सापडणार नाही, असं म्हणतात. होईलही. पण याच भागातल्या माणसांनी पाणीवापराच्या पाळ्या लावल्या, सोसायट्या चालवल्या, भवानीनगर आणि माळेगावसारखे सहकारी कारखाने चालवले. भांडत भांडत चालवले. पंपाची चावी त्याहून अवघड नाही. मला गटबाजीपेक्षा दुसरीच भीती जास्त वाटते. गळिताच्या हंगामात इथं ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. बांबूच्या कमानीवर पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद, आत तीन दगडांची चूल. आई-बाप पहाटेच फडात, कोपीत लहान पोरं. चुलीतलं एक लाकूड बाहेर राहिलं तरी कोपी बघता बघता जाते. या माणसांचं इथं मतदान नाही, पॅनेल नाही, सोसायटीत खातं नाही. पथकाच्या यादीत त्यांच्या वस्तीचा रस्ता आहे का, यावरून पथक खरं की फोटोपुरतं ते मी ठरवीन.

खंडन इथवर. वालचंदनगर परिसराबद्दल मी हे सगळं का लिहितोय, त्याचं कारण वेगळं आहे.

जुलै 2023 मध्ये चांद्रयान-3 घेऊन जे रॉकेट उडालं, त्याच्या बूस्टरचे भाग वालचंदनगरच्या कारखान्यात बनले होते. गावात त्याचा आनंद झाला आणि तो रास्त होता. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तर याच इंदापूर तालुक्यात म्हसोबावाडीला विहिरीच्या रिंगचं काम चालू असताना माती ढासळून बेलवाडीचे चार मजूर गाडले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पुण्याकडून शंभरावर किलोमीटर यावं लागलं. मृतदेह हाती यायला जवळजवळ तीन दिवस गेले. गावचं पथक असतं तर ते चौघं वाचले असते असं मी म्हणणार नाही. शंभर फूट खोलीच्या विहिरीची बाजू अंगावर आली की कोणत्याही पथकाला फार काही करता येत नाही. पण बाजूंना आधार दिल्याशिवाय खाली माणूस सोडायचा नाही, वर एक जण सतत भेगांकडं बघत उभा ठेवायचा, पावसाळ्यात हे काम काढायचं नाही, हे सांगणारा आणि ऐकायला लावणारा माणूस गावात असता तर ते चौघं मुळात त्या दिवशी खाली असते का?

आणि असा माणूस या भागात आहे. पुष्कळ आहेत. अवजड यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या रिगरला कोणत्या स्लिंगवर किती वजन टाकायचं ते झोपेतही सांगता येतं. बॉयलरच्या ड्रममध्ये उतरण्याआधी हवा तपासायची, परमिट घ्यायचं, बाहेर एक माणूस दोर धरून ठेवायचा, ही शिस्त फिटर-वेल्डरच्या अंगात मुरलेली असते. साखर कारखान्यातल्या मळीच्या टाकीची त्याला भीती असते, कारण ती का धोक्याची ते त्याला शिकवलेलं असतं. हाच माणूस संध्याकाळी पाळी सुटल्यावर मोटारसायकलवर घरी जातो, आणि त्याच्या घरामागं शेणाची टाकी असते, बांधावर विहीर असते. फाटकाच्या आतली अक्कल फाटकाबाहेर येत नाही, ती आणायची कुणाचीच जबाबदारी नाही. पुणे जिल्ह्यात कुठं शोधूनही गाव आणि कारखाना इतके एकमेकांत मिसळलेले सापडणार नाहीत. इथं पथक होत नसेल तर मग कुठं होणार?

सगळं नव्यानं शोधायचीही गरज नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची पोरं वर्षानुवर्षं दऱ्यांतून माणसं काढतायत, पगाराविना. केंद्राच्या आपदा मित्र योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा, तिन्ही गोष्टी आहेत. गावातून नावं जायला हवीत. एका फोनवर अख्ख्या गावाच्या मोबाइलवर आवाज पोचवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा जिल्ह्यातल्या गावांत चोर आणि बिबट्यासाठी वापरली जातेच, आगीसाठी वेगळी कशाला हवी? पाण्याचा टँकर बहुतेक गावांत असतो. त्याला ट्रॅक्टरवर चालणारा पंप, पुरेसा होज आणि नोझल जोडलं की विजेची मिंधेगिरी संपते. दोर, तिपाई, गॅस तपासायचं यंत्र आणि श्वसनसंच यांना पैसे लागतील. ते कारखान्यांनी द्यावेत, असं मी सरळच म्हणतो. पेटलेला ऊस त्यांच्याच गव्हाणीत जाणार असतो, आणि जळाल्यावर दिवसागणिक त्यातली साखर उतरते हे त्यांच्या केमिस्टला कुणी सांगायला नको. फडाच्या मालकाकडून कपात करता येते, तर त्या रकमेतून गावाला पंपही देता येईल.

दरवर्षी हंगामाआधी कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. पत्रिका छापतात, मांडव पडतो, संचालक सपत्नीक पूजेला बसतात. त्याच दिवशी, त्याच मांडवाबाहेर, गटातल्या गावांची पथकं बोलवावीत. अध्यक्षांनी बॉयलर पेटवून झाल्यावर बाहेर येऊन टँकरच्या पंपाला स्वतः चावी मारावी. पंप चालू झाला नाही तर तो दुरुस्त करायला उसाचं पहिलं वाहन काट्यावर येईपर्यंत काही आठवडे हातात असतील.