रस्ता बुडाल्यावर कोण येणार?

पुराला तोंड देणं सरकारचं काम, त्यासाठी आपण कर भरतो. गल्लीगल्लीत याद्या आणि दोरखंड गोळा करणं म्हणजे सरकारला मोकळं सोडणं. परवा सांगलीत एका वक्त्यांनी हे ठणकावून सांगितलं आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला चीड आली.

सरकारचं काम आहेच. 2005चा आपत्ती व्यवस्थापन कायदा तेच सांगतो. पण कायदा दारात येऊन उभा राहत नाही. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली. धोका पातळी 45 फूट. तिकडे कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्गच कित्येक दिवस पाण्याखाली होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या निघतात तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याहून. त्यांच्या हिमतीबद्दल शंका नाही, पण बुडालेल्या रस्त्याने कितीही शूर माणूस वेळेवर पोचत नाही. तोवर अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून, चौघं वरच्या मजल्यावर नेतात, ते शेजारचेच असतात. किल्लारीला 1993च्या भूकंपाच्या पहाटेही ढिगाऱ्यात पहिले हात गावकऱ्यांचेच गेले.

2019च्या पुरातल्या ब्रह्मनाळच्या बोटीचं उदाहरण तर त्या वक्त्यांनी देऊच नये. गावकरी स्वतःच निघाले आणि बोट उलटली, म्हणून लोकांनी यात पडू नये म्हणे! त्या बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसं चढली होती. पहिल्या खेपेला कोण, दुसरीला कोण, कितीजण झाल्यावर थांबायचं, हे पाणी चढण्याआधी ठरवायचं असतं. ब्रह्मनाळ तयारीची गरज सांगतं.

शेजारी भांडतात? भांडोत, पुरात तेच दार उघडतात. मोबाईल आहे? वीज गेल्यावर किती तास?

अलमट्टी धरणामुळे पूर येतो का, हा वादही आम्ही 2005पासून घालतोय. घालायलाच हवा, पण त्याने कुणी जिना चढत नाही.

करायचं फार नाही. इन्शुलिन कुणाच्या फ्रीजमध्ये आहे, पोहता कुणाला येतं, दुसरा मजला कुणाचा, गोठ्यातली दावी कोण सोडणार, हे कागदावर हवं. यंदा जूनच्या आत गल्लीची बैठक लावा आणि पाणी 35 फुटांवर गेलं की कुणाच्या दारावर कुणी थाप मारायची, ते नावानिशी ठरवा.